मामांची पेशी आणि माझ्या पेशी

मामांना मी फोन करून सांगितलं की, पेशीसाठी चिखलीला यायची गरज नाही. मामा गेले नाहीत. त्यांचा दावा खारीज झाला.

चूक एवढीच. ती कशी झाली ते आता सांगतो, म्हणजे माझ्याविषयी तुमचं जे मत झालं असेल ते पक्कं होईल.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी धाडचा. धाडच्या बाजारच्या दिवशी निम्मी माणसं पेशीवरून आलेली असायची आणि उरलेली पुढच्या पेशीची वाट पाहत वांगी घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, पेशी नावाचं एक गाव आहे आणि तिथे एसटी जाते. पण नंतर मी पुण्याला शिकायला गेलो. तिथे पोरं हसायची म्हणून जिभेवरचं 'मले-तुले' खरवडून काढलं. त्या खरवडण्यात बरंच काही निघून गेलं असावं. 'पेशी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फक्त रक्तातली पेशी येऊ लागली. आणि पोटापाण्याला मी तीच धरली.

गेली बरीच वर्षं मी संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत पेशींच्या मागे आहे. कंत्राटावर. कंत्राट संपत आलं की मी वाकून चालतो, नवीन झालं की थोडा सरळ होतो. आता पाठीला तीच सवय लागली आहे. विषय आहे स्मृती पेशी. घरच्यांना सांगायची सोय नाही. बायको म्हणते, दळण आणायचं ज्याच्या लक्षात राहत नाही त्याला स्मृतीवर कोणी नेमलं?

तर शरीरात एखादा जंतू येऊन गेला की त्याच्याशी लढलेल्या टी पेशींपैकी बहुतेक मरतात, थोड्या मागे राहतात. त्या स्मृती पेशी. तोच जंतू पुन्हा आला तर त्या त्याला ओळखतात आणि नवख्या पेशींपेक्षा फार लवकर कामाला लागतात. आता गर्दीतून या जुन्या पेशी निवडायच्या कशा? त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात. जिनं अजून जग पाहिलं नाही ती पेशी एका प्रथिनाचा लांब नमुना मिरवते, जी लढून आली ती त्याच प्रथिनाचा आखूड नमुना. गावात सांगताना मी म्हणतो, नवखीच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा, जुनीच्या अंगात बाह्या कापलेला. आणखी एक खूण असते ती म्हणजे गळ्याकाखेतल्या गाठींत परत जायचा परवाना. तो जिच्याकडे आहे ती जुनी पेशी गाठीत बसून असते आणि वेळ आली की आधी आपलं कुटुंब वाढवते. जिच्याकडे तो नाही ती फुफ्फुसाबिफ्फुसात हिंडते आणि जंतू दिसला की जागच्या जागी बोंब मारते.

ही बोंब म्हणजे सायटोकाईन. पेशीनं बाकीच्यांना धाडलेला रासायनिक निरोप. आणि सगळी कटकट इथेच आहे, कारण अंगावरच्या खुणेवरून निरोप काय निघेल ते खात्रीनं सांगता येत नाही. काही मुरलेल्या पेशी उतारवयात पुन्हा लांब बाह्यांचा सदरा चढवतात. दिसतात नवख्यासारख्या, पण डिवचलं की त्याच आधी उसळतात. म्हणून आम्ही पेशींना जंतूच्या प्रथिनांनी डिवचतो, निरोप बाहेर पडू नये म्हणून औषध घालून पेशीचं दार लावतो आणि आत काय साठलं ते रंग लावून पाहतो. माझं उभं आयुष्य असं दुसऱ्याचे निरोप अडवून वाचण्यात गेलं. स्वतःचा एक निरोप धड देता आला नाही, हा त्यातला विनोद.

आमचं काम होतं पूर्वी टीबी होऊन बऱ्या झालेल्या लोकांवर. इतक्या वर्षांनी त्यांच्या स्मृती पेशींच्या खुणा कशा आहेत आणि त्या अजून कोणते निरोप सोडतात, ते पाहायचं होतं. निघण्यापूर्वी आम्हाला एक सूचना मिळाली. 'रक्त' शब्द शक्यतो टाळा, लोक घाबरतात. 'पेशी तपासायच्या आहेत' असं म्हणा. ज्यानं ही सूचना काढली तो कोकणातला होता. ज्यानं ती पाळली तो मी.

चिखली तालुक्यातल्या उंद्रीला माझं आजोळ. थोरल्या मामांना तरुणपणी टीबी झाला होता. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या चुलत भावालाही झाला. नात्यानं तेही माझे मामाच, धाकटे मामा. दोघं तेव्हा एकाच खोपीत जागलीला झोपायचे, एका सायकलवर डबलसीट चिखलीला गोळ्या आणायला जायचे. कोणाचा कोणाला लागला यावर दोघांनी भांडायला हवं होतं. त्यावर नाही भांडले. बरे झाले, अंग धरलं आणि मग सामाईक विहिरीवर भांडले. विहिरीवरच्या पंपाची मोटार चालू करायचा डबा धाकट्या मामांच्या बांधावर. त्यांनी एक दिवस त्याला कुलूप लावलं. थोरले मामा कोर्टात गेले. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाण्याची पाळी दोघांना सारखी द्यावी, असा तात्पुरता हुकूम त्यांना मिळाला होता, आणि त्या हुकमावर त्यांचं शेत वर्षानुवर्षं भिजत होतं. दावा गेला तर हुकूम गेला. हुकूम गेला तर पाणी गेलं. हे मामींच्या नात्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आम्ही रक्त घेणार होतो चिखलीच्या सरकारी दवाखान्यात. कोणत्या दिवशी ते विचारायला फोन केला तेव्हा मामा म्हणाले, "सोमवारी ठेव. सोमवारी माही पेशीच हाये चिखलीले."

मला भरून आलं. म्हातारा शेतकरी माणूस, विज्ञानाचा शब्द आपणहून वापरतोय! मी सहकाऱ्यांना सांगितलंसुद्धा, की समजावून सांगितलं तर लोक कसे तयार होतात बघा.

पुढे दवाखान्यातली खोली मिळेना, म्हणून तालुक्याच्या आरोग्याधिकारी साहेबांशी बोलून उंद्रीच्या उपकेंद्रात बसायचं ठरवलं. पुन्हा फोन केला. तो सबंध देतो, कारण पुढे तो मला शपथेवर सांगावा लागला आणि आता पाठ झाला आहे.

"मामा, पेशींचं लक्षात आहे ना?"

"अरे, पेशी कोनी इसरते काय? सोमवारी."

"आता चिखलीला यायची गरज नाही."

"काऊन?"

"मी वरच्या साहेबांशी बोललोय. पेशींचं काम आपण उंद्रीलाच करून टाकू."

"तू साहेबाशी बोल्ला?"

"बोललो ना."

"अन् साहेब मानला?"

"तेच म्हणाले, वयस्कर माणसांना कशाला चकरा मारायला लावायच्या."

मामा म्हणाले, "लय चांगला मानूस भेटला रे."

"थोडंसं दंडाला सहन करावं लागेल, बस."

"दंडबी हाये?"

"दंडालाच तर असतं, मामा."

"अन् त्याले?" त्याले म्हणजे धाकट्या मामांना.

"त्यांनाही. सगळ्यांना सारखं."

"मंग हरकत नाही," मामा म्हणाले. "सारखं असन तं हरकत नाही."

मामांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला वाटलं, विज्ञानाचा प्रसार आणखी कशाला म्हणतात! लगेच धाकट्या मामांनाही तोच फोन केला, तेच शब्द. ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते तसेच आहेत.

सोमवारी मामा उपकेंद्रात आले ते धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि काखेत कागदांची पिशवी घेऊन. मामीही सोबत. इतक्या थाटात आजवर मला कोणी रक्त दिलं नव्हतं. मामांनी आत चौफेर पाहिलं. सिस्टर, मी, नळ्यांचं स्टँड.

"साहेब नाही आले?"

"ते कशाला येतील? मी आहे ना."

"तूच घेनार?"

"मीच घेणार."

मामांच्या डोळ्यांत अभिमान की काय ते दाटलं. भाचा एवढा मोठा झाला! सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला तेव्हा ते म्हणाले, "हे आधी होय? मंग बयान?" मी म्हणालो, "आधी हे. मग चहाबिस्कीट." त्यांनी मान डोलावली. मोठ्या कोर्टाच्या रीती वेगळ्या असतील, अशी त्यांनी समजूत घातली असावी. निमूटपणे रक्त दिलं, बिस्कीट खाल्लं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. आणखी लोक येत गेले, देत गेले, जात राहिले. मामा बसूनच. मी मध्येच म्हणालो, "मामा, झालं तुमचं." ते म्हणाले, "त्याले येऊ दे."

दुपार कलल्यावर ते आले. धाकटे मामा. त्यांचंही धोतर धुतलेलं. दारातून त्यांनी थोरल्या मामांकडे पाहिलं आणि थबकले.

"काऊन बे, पेशीले काऊन नाही आला?"

"पेशी तं इथी हाये," थोरले मामा म्हणाले.

"कोनी सांगतलं?"

थोरल्या मामांनी माझ्याकडे हात केला. धाकटे मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग खुर्चीत बसले, बाही वर सारली आणि सिस्टरपुढे हात धरला. "तिकडं तीनदा पुकारा झाला," ते कोणाकडेच न पाहता म्हणाले. "वकील बुलढान्याले. त्याच्या हाताखालच्यानं मुदत मागतली. साहेब म्हने, आता कितीक मुदती? खारीज." सुई टोचली तेव्हा त्यांनी पापणीही हलवली नाही. "घ्या. रक्त घ्या. मंग मले घरी जाऊन मोटार पाह्याची हाये."

थोरल्या मामांच्या हातातलं बिस्कीट अर्धं होतं. ते त्यांनी परत बशीत ठेवलं. रागावले नाहीत. मला म्हणाले, "मंग तुहा साहेब कोन्ता?"

मी सांगितलं. माझा साहेब, माझ्या पेशी, रक्तातल्या. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. मामी मध्येच म्हणाल्या, "म्हन्जे तू रक्त घ्याले आला व्हता? मंग रक्त म्हन ना, बापा!"

मी मामांना आमच्या जीपमध्ये घातलं आणि चिखलीकडे निघालो. निघता निघता नळ्यांचा खोका मामींच्या हातात दिला. "मामी, हे जपून ठेवा. माझा सगळा जीव यात आहे." रक्त संभाजीनगरला न्यायचं होतं, पण ते नंतर पाहू म्हटलं.

वकीलसाहेब नुकतेच बुलढाण्याहून आले होते. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात फिरवला. दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज करता येतो, म्हणाले, पण गैरहजेरीला पुरेसं कारण लागतं. आजारपण चालतं, अपघात चालतो, एसटी बंद पडली चालतं. "हे काय लिहू? भाच्याच्या टी पेशींमुळे वादी गैरहजर?"

"तसंच झालंय, साहेब."

"मंग तुम्हीच या अन् जजसाहेबांपुढे सांगा. मले तं सांगताना हसू येईन."

परत आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. खोका विचारला. मामींनी फ्रीज उघडला. ताकाचं पातेलं आणि कोथिंबिरीच्या मधोमध माझा खोका, वर बर्फाची पिशवी.

तुम्हाला सांगतो, हे रक्त थंडीत ठेवायचं नसतं. घरात जशी हवा असते तशाच हवेत ठेवायचं. गारठलेल्या टी पेशी मरत नाहीत लगेच, पण रुसतात. मी डोकं धरून बसलो. मामी घाबरून म्हणाल्या, "जपून ठेव म्हनला, तं ठेवलं. फ्रीजापेक्षा जपून कुठी ठेवतात?"

दोनदा मी मराठीत निरोप दिला आणि दोन्ही वेळा वाटोळं झालं.

प्रयोगशाळेत तरी सगळं करून पाहिलं. आशा सुटत नाही. पेशी वेगळ्या केल्या, डिवचल्या, दारं लावली, रंग लावले, यंत्रातून एकेक पुढे काढली. पडद्यावर ठिपक्यांचे ढग उमटले. खुणा जागच्या जागी. लांब सदरे इकडे, आखूड सदरे तिकडे, परवानेवाल्या, बिनपरवाना, सगळं जिथल्या तिथे. आणि निरोपाच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. ज्यांनी बोंब मारायला हवी त्या गप्प बसल्या होत्या. थोरल्या मामांच्या, धाकट्या मामांच्या, सगळ्यांच्याच. खूण दिसते म्हणून पेशी काम करतेच असं नाही, हे मी वर्षानुवर्षं इतरांना शिकवत आलो होतो. त्या संध्याकाळी यंत्राच्या काळ्या काचेत माझं तोंड दिसलं. त्यावरही संशोधक असल्याच्या सगळ्या खुणा होत्या.

आमच्या प्रमुख बाईंनी आलेख पाहिले आणि विचारलं, नमुने पुन्हा मिळतील का? मी मामांना फोन केला. यावेळी सरळ म्हणालो, "मामा, रक्त पुन्हा लागेल."

मामा म्हणाले, "आधी माही पेशी, मंग तुही."

धाकट्या मामांनी मोटारीच्या डब्याला पुन्हा कुलूप लावलं होतं. गहू पोटरीला आलेला. पोटरीत पाणी हुकलं की ओंबी भरत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. वकीलसाहेबांनी केलेला अर्ज सुनावणीला लागायच्या आधी मी सुट्टी काढून उंद्रीला जाऊन राहिलो. रजा कशाची लिहायची म्हणून 'कौटुंबिक' लिहिली. मामा रोज सकाळी विहिरीवर जायचे. मीही मागे मागे. ते डब्यासमोर उभे राहायचे, कुलपाकडे पाहायचे, कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहायचे. पाणी वर आलेलं होतं. चार बोटं तरी वाढलं असेल, कारण निम्मं उपसलंच जात नव्हतं. मग बांधावरून गव्हात हात घालून एखादं पान चोळायचे आणि परत यायचे. माझ्याशी एरवीसारखंच बोलायचे, हवापाणी, पोरांच्या शाळा. तेच अवघड जात होतं. शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

एकदा न राहवून मी म्हणालो, "मामा, तुम्हाला कशी शंका नाही आली? कोर्ट कधी उंद्रीला येतं का?"

मामा म्हणाले, "मले वाटलं, भाचा शिकला म्हनून येत असन."

त्यानंतर मी विहिरीवर मागे जायचं सोडलं. मामींनी मला निवडायला डाळ दिली. त्यातही खडे राहिले.

एकदा संध्याकाळी धाकटे मामा बांधावर दिसले. मी हात जोडले. मामींची सक्त ताकीद होती की त्यांना मामा म्हणायचं नाही, म्हणून नुसतेच हात जोडले. ते म्हणाले, "काय निघलं रक्तात?"

"काही नाही निघालं. पेशी गारठल्या."

"त्याच्याबी?"

"दोघांच्याही."

"मंग सारखंच झालं," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या कमरेला किल्ली होती.

अर्जाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आम्ही बसलो होतो. मामा, मी, वकीलसाहेब. पलीकडच्या बाकावर धाकटे मामा आणि त्यांचे वकील. सगळेच दमलेले. कोर्टात सगळे असेच दिसतात, जिंकणारेही. मी उभ्यानं झोपू शकलो असतो. पुकारा झाला तेव्हा मामांनी माझी बाही धरली आणि हळूच म्हणाले, "साधं बोलजो."

जजसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "पेशी म्हणजे?"

आणि मी साधं बोललो नाही. मला कोणी 'पेशी म्हणजे' असं विचारलं की माझं बटण दाबलं जातं. मी नवखी पेशी सांगितली, स्मृती पेशी सांगितली, सदऱ्याच्या बाह्या सांगितल्या. गाठीत बसणाऱ्या कोणता निरोप आधी सोडतात आणि फुफ्फुसात हिंडणाऱ्या कोणता, हे सांगताना हातवारे केले. वकीलसाहेब माझा कोट मागून ओढत होते. मला वाटलं, कुठे तरी अडकला.

जजसाहेब शांतपणे म्हणाले, "ते कळलं. तुम्ही फोनवर 'रक्त' हा शब्द वापरला होता का?"

"नाही."

"का?"

"लोक घाबरतात म्हणून."

"आणि 'पेशी' म्हटल्यावर घाबरत नाहीत?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी फोन जसाच्या तसा सांगितला. वरचे साहेब, चकरा, दंड, सगळं. 'दंडालाच तर असतं' इथे लिहून घेणाऱ्या बाई थांबल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मामा मान खाली घालून उभे होते. धोतर तेच, टोपी तीच, काखेत पिशवी तीच.

धाकट्या मामांचे वकील उठले. म्हणाले, ही सगळी रचलेली गोष्ट आहे. वादीला मागेही मुदती मिळाल्या. भाचा हा जवळचा नातेवाईक, तो मामाच्या बाजूनं बोलणारच. असा फोन झाला याला आधार काय? बरोबरच होतं त्यांचं. मलाही ती गोष्ट रचलेलीच वाटू लागली होती. इतका मूर्खपणा खरा असतो यावर कोण विश्वास ठेवील?

जजसाहेबांनी अर्ज बाजूला सारल्यासारखा केला. मामांचा हात माझ्या बाहीवरून सुटला. वकिलांना आणखी काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, मी बोलू काय?"

धाकटे मामा उभे राहिले होते. त्यांच्या वकिलांनी त्यांना बसायची खूण केली. ते बसले नाहीत.

"फोन झाला व्हता जी," ते म्हणाले. "मलेबी झाला व्हता. हेच बोलनं. पेशीले चिखलीले येऊ नोका, साहेबाशी बोल्लो, दंड सगळ्याइले सारखा."

जजसाहेबांनी विचारलं, "मग तुम्ही कसे हजर राहिलात?"

"मले वाटलं, मामा-भाचे मिळून डाव टाकून राह्यले. मले घरी बसवतीन अन् आपन कोर्टात जातीन. म्हनून त्या दिशी मी रोजच्यापेक्षा लवकर आलो. अन् पाहतो तं हाच नाही." त्यांनी थोरल्या मामांकडे न पाहता त्यांच्या दिशेनं हनुवटी हलवली. "तो येत नाही असं कधी झालं नाही जी. तापात गोया आनाले मले सायकलवर घेऊन तोच येत जाये. खोटं कायले बोलू?"

त्यांच्या वकिलांनी फाईल मिटली. जजसाहेबांनी विचारलं, "म्हणजे दावा पुन्हा सुरू करायला तुमची हरकत नाही?"

"नाही. दावा मी जिंकनारच हाये. पन असा नाही."

जजसाहेबांनी सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. दावा पुन्हा सुरू. पाण्याचा तात्पुरता हुकूम पहिल्यासारखा. थोरल्या मामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. धाकट्या मामांनी कमरेची किल्ली चाचपली. मी पुढे होऊन त्यांना नमस्कार केला, आणि मामींची ताकीद विसरून म्हणालो, "मामा, तुमचे उपकार झाले. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

ते माझ्याशी बोललेच नाहीत. जजसाहेबांकडे वळून, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, इतके दिवस मले वाटे, हे पोट्टं लबाड हाये. लबाड नाही जी, बावयट हाये."